टोपीवालीच्या माथ्यावरून

मी एक जुनी ऊ आहे. लगेच डोकं खाजवू नका, मित्रांनो. मी तुमच्या केसांतली ऊ नव्हे, मी देवमाशावरची. खरं तर ऊ हे नाव माणसांनी आम्हाला चिकटवलं, आणि एकदा चिकटलेलं सोडायचं नाही हा आमचा स्वभाव, म्हणून तेही आम्ही अंगावर वागवतो. नात्याने आम्ही खेकड्या-कोळंबीच्या घरातले. पण आमची भावकी पोहते, पळते, वाळूत बिळं करते. आम्हाला पोहता येत नाही. सगळा जन्म समुद्रात, आणि पोहण्याच्या नावाने शून्य! ज्याच्या अंगावर जन्मलो त्याला घट्ट धरून राहायचं, एवढंच आम्हाला येतं.

दिसायला मी तुमच्या करंगळीच्या नखाएवढी. अंग चपटं, रंग पांढुरका, पायांच्या टोकाला आकड्यांसारखी वाकडी नखं. माझ्या आईच्या पोटाखाली एक छोटी पिशवी होती. मी आणि माझी भावंडं तिच्यातच अंड्यांतून बाहेर आलो. पिशवीबाहेर पहिला पाय टाकला त्याच क्षणी समोरून पाण्याचा असा लोंढा आला की माझी काही भावंडं तिथल्या तिथे वाहून गेली. ती कुठे गेली हे कोणी विचारलं नाही. आजी एवढंच म्हणाली, "मागे बघू नकोस. पाय रोव."

जिच्यावर आम्ही राहत होतो तिला आम्ही भुई म्हणायचो. ती देवमाशाची मादी होती, काळी, प्रचंड आणि संथ. तिच्या माथ्यावर आणि ओठांच्या कडेला कातडीचे खडबडीत घट्टे होते, वर्षानुवर्षं कुदळ चालवणाऱ्याच्या तळहाताला पडतात तसे. त्या घट्ट्यांच्या खाचांत आमची वस्ती होती. तिच्या अंगावरून सुटणारी मेलेली कातडी हे आमचं जेवण. ती खाली गेली की आमची रात्र व्हायची, वर आली की दिवस उजाडायचा. तिच्या काळजाचा ठोका आम्हाला पायांतून कळायचा. एक ठोका पडला की दुसऱ्याची वाट पाहायची, आणि तो पडला की आपापल्या कामाला लागायचं. आम्हाला दुसरं घड्याळ माहीत नव्हतं.

आम्ही पांढुरके आणि ती काळी, त्यामुळे दुरून पाहणाऱ्याला वाटायचं की हिच्या डोक्यावर कोणी पांढरी टोपी तिरकी करून ठेवली आहे. म्हणून धक्क्यावरची माणसं तिला टोपीवाली म्हणायची.

त्या माणसांत एक तरुण बाई होती. कानांवर सदा हेडफोन असायचे, म्हणून सगळे तिला कानवाली म्हणत. समुद्रात मायक्रोफोन सोडून देवमाशांचे आवाज ऐकायचे आणि साठवून ठेवायचे, हे तिचं काम. तिला बोटीतून घेऊन यायचा तिचा बाप. तो तांडेल होता, म्हणजे बोटीचा मुख्य. खेकडे धरण्याचे पिंजरे तळाशी सोडायचे आणि दोराने वर ओढायचे, यात त्याची हयात गेली होती. पाण्यावर आवाज लांबवर जातो आणि बोटीतली माणसं मोठ्याने बोलतात. त्यांचं बोलणं ऐकत ऐकतच मला माणसांची भाषा कळू लागली.

"बाबा, टोपीवाली! तीच आहे, तीच!"

"कशावरून?"

"टोपी बघा ना, डाव्या डोळ्यावर उतरलीय."

"कमाल आहे बाई," तांडेल म्हणायचा. "आपल्या घरात उवा झाल्या की आपण चार लोकांत मान वर करत नाही. आणि हिची ओळखच उवांवरून!"

मग तो मोठ्याने हसायचा. त्या वेळी आमच्या वस्तीत सगळ्यांना अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटायचं. आमचं कौतुक करणारं तेवढं एकच घर होतं.

मग भुईला लेक झाली. उथळ, कोमट पाण्यात ती जन्मली आणि जन्मताच आईच्या डोक्याला डोकं घासत राहिली. तिचं अंग गुळगुळीत होतं, पाय रोवायला जागा नाही. तरी आमच्यातल्या धीट पोरी तिच्यावर उतरल्या. माझी धाकटी बहीण त्यांत होती. लेकीचं डोकं दूर जाता जाता ती ओरडली, "इथली कातडी किती ऊन आहे गं!" त्यानंतर मायलेकी एकमेकींना खेटल्या की आम्हा बहिणींची भेट व्हायची.

भुईची एक हाक होती. खालून सुरू व्हायची आणि शेवटी वर चढायची, तुम्ही प्रश्न विचारताना आवाज चढवता तशी. "कुठे आहेस?" असंच ती विचारत असावी. लेक बारीक आवाजात तसाच प्रश्न उलट विचारायची. दोघींनाही उत्तर ठाऊक असायचं, तरी दिवसभर हा खेळ चालायचा. कानवालीने ती हाक कितीदा तरी साठवून घेतली.

त्याच मोसमात एक वादळ झालं. आम्ही खोल पाण्यात होतो, आम्हाला त्याची झळ लागली नाही. वादळानंतर पुष्कळ दिवस कानवालीची बोट आली नाही. आली तेव्हा तांडेल सुकाणू धरून बसलेला होता. टोपीवर काही बोलला नाही. कानवाली "टोपीवाली" असं हळूच म्हणाली, तेवढंच. त्यांच्या घरात काय झालं होतं ते मला नंतर कळलं.

आता दोराचं सांगते.

लेक मोठी झाली होती, तिचं दूध सुटत आलं होतं. भुई खाणं शोधत किनाऱ्याच्या बाजूला आली. ती तोंड उघडून पाण्यातून सरळ जात राही आणि पाण्यातले बारीक जीव आपसूक तिच्या तोंडात गाळले जात. तशी ती चालली असताना समोर दोर उभा होता. वर खुणेचा बोया तरंगत होता, तळाशी पिंजरा बसलेला होता, आणि मध्ये तो दोर ताठ उभा, अंगावर शेवाळाचे केस वाढलेला. आजूबाजूला बोट नव्हती, माणूस नव्हता. त्याला बरेच दिवस कोणी हात लावलेला नव्हता, हे त्या शेवाळावरूनच दिसत होतं.

तो भुईच्या तोंडात आडवा गेला. तिने दचकून गिरकी घेतली आणि तो तिच्या पंखाला गुंडाळला गेला. आणखी एक गिरकी, आणि शेपटीलाही वेढा पडला. तळाचा पिंजरा उचकटून तिच्या मागे फरफटत निघाला. तिने जिवाचा आटापिटा केला. मला आठवतं, त्या वेळी लेक बाजूला थांबून "कुठे आहेस?" असं विचारत होती. आई डोळ्यांसमोर होती, तरी विचारत होती.

त्यानंतर भुई खंगत गेली. दोर तिच्या मांसात उतरला. आमच्यात एक तांबूस जात आहे, ती एरवी कोपऱ्यात पडून असते. देवमासा आजारी पडला, त्याची चाल मंदावली, की ती भराभर वाढते. ती आता सगळीकडे पसरली. भुईच्या अंगावरून कातडीचे पापुद्रे सुटत होते, त्यामुळे आमच्या वस्तीत खाण्याची चंगळ होती. सगळ्यांची पोटं भरलेली होती आणि सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लागलेलं होतं. ठोक्या-ठोक्यांमधलं अंतर वाढत होतं. दुसरा ठोका पडेपर्यंत कोणी हलत नसे.

एका सकाळी बोटीचं इंजिन ऐकू आलं. कानवाली आणि तांडेल होते. त्यांच्याकडे लांब दांडीला बसवलेली आकडी होती, तिच्या आतल्या बाजूला धार होती. कानवालीने वाकून आमच्या अगदी जवळ आकडी आणली. शेपटीजवळचा दोराचा एक पदर तुटला. मला वाटलं, सुटलो!

"बाबा, बोट अजून थोडी पुढे घ्या. बोयाकडून पकडते."

बोट पुढे आली नाही.

"बाबा? अहो, घ्या ना पुढे! ती बुडी मारेल."

तांडेल बोयाकडे पाहत होता. तो लाल रंगाचा होता आणि त्यावर दोन पांढरे पट्टे ओढलेले होते. प्रत्येक पिंजरेवाला आपल्या बोयाला आपली खूण करतो.

"तुझ्या दादाचा आहे," तांडेल म्हणाला.

कानवालीचा हात तसाच दांडीवर राहिला. बोट हेलकावली, आकडी भुईच्या जखमेला लागली, आणि भुई खाली गेली. ती वर आली तेव्हा फार लांब होती, आणि दिवस कलला तरी बोट तिच्यापर्यंत पोचली नाही.

भुई दुसऱ्या दिवशी गेली. तिने शेवटचा श्वास सोडला आणि ती कुशीवर वळली, एवढंच. आम्ही पुढच्या ठोक्याची वाट पाहत राहिलो. पायांखालची ऊब हळूहळू ओसरू लागली, तरी वस्तीतलं कोणी जागचं हललं नाही. कितीतरी वेळ आम्ही सगळे वाट पाहत होतो.

लेकीने डोकं आईच्या डोक्याला लावलं. ती तिला खालून वर ढकलत होती, श्वास घ्यायला उठवत होती. दोन्ही डोकी टेकली होती.

आजी मला म्हणाली, "जा पलीकडे."

"आणि तू?"

"माझी नखं आता सुटत नाहीत. जा म्हणते ना!"

मी एकेक पाय उचलला. पलीकडे धाकटी बहीण होती, तिने जागा करून दिली. मग लेकीचं डोकं बाजूला झालं आणि मध्ये पाणी आलं. मी मागे पाहिलं. टोपी जशीच्या तशी होती. तिच्यातलं प्रत्येक घर भरलेलं होतं. ती पांढरी टोपी हळूहळू खाली गेली, हिरव्या पाण्यात, मग काळ्या पाण्यात. अजूनही मला कधी कधी पायांतून ठोका ऐकू येतो आणि मी दुसऱ्याची वाट पाहत बसते.

मित्रांनो, पोरकं पोर कोणाच्याही मागे जातं. आईजवळ शेवटचं जे काही होतं ते म्हणजे ती बोट. बोटीचा आवाज लेकीच्या कानात बसला होता. भुईला शोधत बोट पुन्हा आली तेव्हा ती त्या आवाजामागे गेली आणि थेट बंदरात शिरली. धक्क्याचे खांब, नांगरांच्या साखळ्या, जाळी, तेलाचा तवंग, या सगळ्याच्या मधोमध ती तांडेलच्या बोटीला खेटून उभी राहिली आणि हाका मारू लागली.

आधी लोक बघायला आले. बर्फाच्या कारखान्यातले कामगार, जाळी विणणाऱ्या बायका, दुकानं अर्धी टाकून आलेले दुकानदार. कौतुक दोन दिवस टिकलं. मग लोक धक्क्यावरून जाताना पावलं उचलून चालू लागले. तिची हाक कानांना फारशी ऐकू येत नसे, पण धक्क्याच्या फळ्यांतून ती तळपायांत शिरायची. एक जाळीवाली दुसरीला म्हणाली, "अगं, घरी भांडी घासताना पण मला पायात येतं." तांडेल मात्र बोटीतून उठत नसे. बोटीच्या फळीवर अनवाणी पाय ठेवून बसून राही. लाकडाच्या एका बाजूला त्याचे तळपाय आणि दुसऱ्या बाजूला आम्ही.

तिथेच, बोटीच्या बुडाला टेकून, मी त्यांचं सगळं बोलणं ऐकलं.

तांडेलला एक मुलगा होता, कानवालीचा मोठा भाऊ. त्या वादळात त्याची बोट परत आली नाही. तिची एक फळीदेखील सापडली नाही. पाण्यात राहिले ते त्याने सोडलेले पिंजरे, आणि त्यांच्यावर उभे असलेले त्याचे दोर. बाकीचे तांडेल म्हणाले होते, आम्ही काढून आणतो. बाप म्हणाला होता, माझ्या पोराच्या मालाला कोणी हात लावायचा नाही. ते दोर जिथल्या तिथे राहिले.

एके दिवशी तांडेलची बायको जेवणाचा डबा घेऊन धक्क्यावर आली होती. मुलगा गेल्यापासून तिने बोटीत पाऊल ठेवलेलं नव्हतं. ती वरच उभी राहून बोलत होती.

"चार घास खाऊन घ्या. उपाशी राहून ती परत जाणार आहे का?"

"तू किती वेळा म्हणालीस, ते दोर काढून आणा," तांडेल म्हणाला. "मी ऐकलं नाही. ते काढले असते तर तो गेला असं झालं असतं. ते तिथे होते तोवर मला वाटायचं, येईल आणि स्वतः काढेल."

तेवढ्यात कानवाली आली. बहुतेक धावत आली असावी, तिला धाप लागली होती.

"आई, बाबा, ऐका. बाहेर, खडकांच्या पलीकडे, मला दुसरे देवमासे ऐकू येताहेत. तीन तरी आहेत. हिला त्यांच्यापर्यंत नेलं तर ही जगेल. इथे राहिली तर कुठल्या तरी साखळीत अडकून मरेल, नाहीतर उपाशी मरेल."

"नेणार कशी? दावं बांधून?" तांडेल म्हणाला.

"टोपीवालीची हाक आहे माझ्याकडे, साठवलेली. पाण्यात स्पीकर सोडायचा, हाक लावायची, आणि बोट हळूहळू बाहेर न्यायची. ही येईल मागे."

तांडेलचे तळपाय फळीवरून उचलले गेले.

"मेलेल्या आईचा आवाज लावून पोरीला फसवायचं?" तांडेल म्हणाला. "आणि बाहेर नेऊन काय करायचं? बंद करायचा? तिची आई तिने दोनदा घालवायची?"

"मग दुसरं काय करू ते तुम्ही सांगा, बाबा!"

"मला काय विचारतेस? मी काय सांगणार?"

तेव्हा वरून बायकोचा आवाज आला. तो अगदी शांत होता.

"उद्या मला माझ्या पोराचा आवाज कोणी असा ऐकवला, तर मीही जाईन मागे. फसवताय हे कळलं तरी जाईन." मग ती कानवालीला म्हणाली, "लाव तू. पण अर्ध्या वाटेत बंद करू नकोस. दुसऱ्यांचा आवाज तिच्या कानावर पडेपर्यंत लाव."

मग फळी करकरली. माझ्या डोक्यावर बोट एका बाजूला झुकली. ती बोटीत उतरली होती.

"अगं, तू कुठे निघालीस?"

"सरका तिकडे," ती म्हणाली.

पाण्यात एक काळा डबा तारेला बांधून सोडला गेला. त्याभोवती लोखंडी जाळी होती. थोडी खरखर झाली. आणि मग त्या डब्यातून भुई बोलली.

मित्रांनो, मी भुईला खाली जाताना पाहिलं होतं. तिची कातडी थंड झालेली माझ्या पायांना कळली होती. तरीही ती हाक आली आणि माझे सगळे पाय आपोआप रोवले गेले, भुई बुडी मारण्याआधी आम्ही रोवायचो तसे. शेजारी माझ्या बहिणीचेही रोवले गेले. "आली?" ती म्हणाली. "ताई, आली का गं?"

लेकीचं काय झालं ते शब्दांत सांगणं कठीण आहे. तिचं अवघं अंग एकदा शहारलं. मग ती वळली आणि बोटीमागून निघाली. साखळ्यांमधून, जाळ्यांच्या कडेने, खांबांना घासत. दर हाकेला ती उत्तर देत होती. "कुठे आहेस?" "कुठे आहेस?" ती हाक मारायची आणि ऐकायला थांबायची. हाक यायची, पण तिच्या उत्तराचं उत्तर नसायचं. भुई नेहमी लेकीचं ऐकून मग बोलायची. हा आवाज आपल्याच तंद्रीत, ठरल्या अंतराने बोलत होता. लेकीला ते कळत होतं असं मला वाटतं. ती उत्तर देऊन थांबायची आणि तिच्या कातडीखाली काहीतरी घट्ट व्हायचं. तरी ती पुढे जात राहिली.

बंदर मागे पडलं. खडक मागे पडले. पाणी निळं झालं, खोल झालं. तांडेल इंजिन इतकं हळू चालवत होता की मध्येच ते बंद पडेल असं वाटे.

आणि मग दुरून एक हाक आली. अनोळखी, जाडसर, पण खालून वर चढणारी. मागून दुसरी.

"ऐकलंत?" कानवाली ओरडली. "तेच आहेत!"

"मग बंद कर," तांडेल म्हणाला.

डब्यातून भुई बोलतच राहिली.

"बंद कर ना गं!"

"बाबा, माझ्याच्याने होत नाही."

लेक आता डब्याजवळ गेली होती. आवाज तिथून येतो हे तिला कळलं होतं. तिने आपलं डोकं त्या लोखंडी जाळीला लावलं, आईच्या डोक्याला लावायची तसंच, आणि खालून वर ढकललं, जसं तिला श्वास घ्यायला उठवताना ढकललं होतं. डबा बोटीच्या बुडावर आपटला. जाळीची कड माझ्यावरून गेली. मी पाय रोवले, पण लेकीची कातडी गुळगुळीत होती. माझी नखं सुटली आणि जाळीत अडकली. बहीण लेकीवर राहिली. मी लोखंडावर. जन्मभरात पहिल्यांदाच माझ्या पायांखाली जिवंत असं काही नव्हतं. फक्त भुईचा आवाज होता, तो लोखंडातून माझ्या पायांत घुसत होता, आणि त्यात ऊब नव्हती.

"दे इकडे," बायको म्हणाली.

खट्ट असा आवाज झाला. हाक अर्ध्यातच तुटली.

समुद्र एवढा गप्प मी कधी ऐकला नव्हता. लेक जाळीला डोकं लावून थांबली होती. तिने विचारलं, "कुठे आहेस?" पुन्हा विचारलं. तांडेल म्हणाला, "एकदाच लाव गं परत, एकदाच." बायकोने नकाराची मान हलवली असावी. कारण मग ती बोटीच्या काठावरून वाकली, तिची सावली आमच्यावर पडली, आणि ती म्हणाली, "जा गं बाळा. ती इथे नाही. जा तू."

लेक जागची हलली नाही. दुरून ती जाडसर हाक आली. लेकीने उत्तर दिलं नाही. पुन्हा आली. ऊन उतरलं, पाण्याचा रंग बदलला, आणि तेव्हा कुठे लेकीने डोकं बाजूला केलं. हळूच तिने विचारलं, त्या दूरच्या आवाजाला. आणि या वेळी तिचं ऐकून, थोडं थांबून, कोणीतरी तिला उत्तर दिलं. ती गेली. माझी बहीण तिच्या माथ्यावर पांढऱ्या ठिपक्याएवढी दिसत होती. मग दिसेनाशी झाली.

डबा वर ओढला तेव्हा कानवालीला मी जाळीत सापडले. तिने मला समुद्राच्या पाण्यात ठेवलं, पण खायला कातडी नव्हती आणि धरायला कोणी नव्हतं. थोड्या दिवसांत मी संपले. आता मी तिच्या खोलीत स्पिरिटच्या बाटलीत आहे. घाबरू नका, मेलेल्यांनी बोलू नये असं मला कोणी बजावलेलं नाही. खोली छोटी आहे. पत्र्याचं छप्पर, टेबलावर कॉम्प्युटर, तारांचं भेंडोळं, चहाचा कप उलटा घातलेला. भिंतीवर देवमाशांच्या माथ्यांचे फोटो ओळीने लावलेले. माझी बाटली खिडकीत आहे, तिथून धक्का आणि त्यापलीकडचा समुद्र दिसतो. कानवाली त्या दिवसापासून टोपीवालीची हाक लावत नाही. एकदा लावायला गेली होती, पण आधी तिने खिडकी बंद केली, मग कॉम्प्युटर बंद केला आणि तशीच बसून राहिली.

त्या दिवसानंतर तांडेल पोराचे पिंजरे काढायला निघाला. बायको बरोबर गेली. सुकाणू तिच्या हातात, दोर त्याच्या. परत आले तेव्हा बोट शेवाळाने हिरवी झाली होती. एका पिंजऱ्यात खेकडे जिवंत होते, एकमेकांना खाऊन उरलेले, ते त्यांनी तिथेच सोडून दिले. दोर धक्क्यावर पसरले. त्यांचा इतका घाण वास सुटला की जाळीवाल्या पदर नाकाला लावून आल्या, पण आल्या, आणि दोर धुवायला बसल्या. तांडेलच्या बायकोने बोये घासले. पट्टे पांढरे झाल्यावर मग ती रडली, धक्क्यावर, सगळ्यांदेखत. तांडेल तिच्या शेजारी पाय सोडून बसला.

मात्र भुईबरोबर बुडालेला सोडून आणखी एक दोर सापडला नाही. त्याचा बोया कधीतरी तुटून गेला असावा. वर खूण नाही, म्हणून कोणाला दिसत नाही. पण खाली तो आहे. तिकडूनच लेक जाते-येते, कानवालीला तिची हाक ऐकू येते. तिच्या माथ्यावर माझी बहीण आहे, आणि आता बहिणीची पोरंही असतील.

मित्रांनो, मी एवढीशी ऊ, तुम्हाला मोठं काय शिकवणार? पण एक विनंती करते. पाण्यात, रानात, रस्त्यावर आपण जे सोडून येतो, ते आपण पाठ फिरवली म्हणून नाहीसं होत नाही. ते तिथेच असतं आणि कोणाच्या तरी वाटेत येतं. कोणाचं काही मागे राहिलेलं उचलताना हात अडला तर एकटे जाऊ नका, कोणाला तरी बरोबर घ्या. पण जा. उद्यावर टाकू नका.

तांडेल आणि त्याची बायको तो दोर शोधायला रोज जातात. तळावरून आकडा फिरवत, बोट पुढे-मागे करत. आजही गेली आहेत. खिडकीतून बोट मला स्पष्ट दिसते. ती आता थांबली आहे. बायकोने सुकाणू सोडून दिलं आहे आणि ती त्याच्या बाजूला आली आहे. दोघं काठावरून वाकून आकड्याला लागलेलं काहीतरी वर ओढत आहेत. जड असावं. तो दोर आहे की आणखी काही, ते इथून दिसत नाही.